पणजीच्या गालावरचा तीळ

भाचीने कापसाचा बोळा उजेडात धरून पाहिला. बोळ्यावर काळा डाग होता आणि चित्रातल्या पणजीचा गाल स्वच्छ.

चित्र बिस्किटाएवढं, चिनीमातीच्या चकतीवर काढलेलं. आत्याने धूळ पुसायला सांगितली होती. भाची रसायनशास्त्राची पदवीधर, तिने स्पिरिट घेतलं. भट्टीत भाजलेला रंग स्पिरिटला दाद देत नाही. डोळे, ओठ, मोत्यांची माळ, सगळं जागच्या जागी राहिलं. गेला तो फक्त तीळ.

म्हणजे तीळ भट्टीत गेलाच नव्हता. मग लावला कोणी?

पण आधी तो परत लावायला हवा होता. चार वाजता आत्याचा चुलतभाऊ चित्रावर हक्क सांगायला येणार होता, तब्बल तीस वर्षांनी. आजीने चित्र आत्याला दिलं होतं ते एकाच कारणाने: पणजीचा तीळ हिच्याच गालावर उतरलाय.

"झालं का गं?" आत्याने आतून विचारलं.

"होतंय."

"घासू नकोस. म्हातारी आहे ती."

पेनची शाई झिलईवरून ओघळली आणि पणजीला मिशी फुटली. ती पुसली. मार्कर मात्र बसला. जागा चुकू नये म्हणून भाचीने आत्याचा फोन उघडला. सकाळीच आत्याने चित्र गालाशी धरून सेल्फी काढला होता. त्यात पाहून, पट्टीने मोजून तिने ठिपका दिला.

आत्या टॉवेलने तोंड पुसत आली, चित्राकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

बेल वाजली तेव्हा भाचीला आठवलं, आत्याचा फोन सेल्फीत डावं-उजवं उलटं करतो.

चुलतभावाने भिंग काढलं. "हिचा तीळ तर डावीकडे आहे. तुझ्या आत्याचा उजवीकडे ना? बोलव तिला."

आत्या बाहेर आली. तीळ डाव्या गालावर होता.

त्याने चित्र पाहिलं, आत्याला पाहिलं, भिंग पुसून पुन्हा दोघींना पाहिलं. "माझीच आठवण कच्ची," तो म्हणाला. "रक्त लपत नाही, बाई. ठेव तुझ्याकडेच."

तो गेल्यावर आत्याने हात पुढे केला. "बोळा दे. शेजाऱ्यांना उजवीकडची सवय आहे."

भाचीने बोळा दिला. "आजीला कधी कळलं नाही?"

"तिला मोतीबिंदू होता."

"आणि पणजीला तीळ कोणी लावला?"

"मीच, चौदाव्या वर्षी," गाल पुसत आत्या म्हणाली. "आधी तिला लावून पाहिला. शोभला, मग मलाही लावला."