बदामाची पोळी आणि लतिकाबाईंचं पोट

घरातलं एक माणूस आजारी पडलं की दुसऱ्याच्या अंगात डॉक्टर संचारतो. आणि ते दुसरं माणूस मुळातच पीएच.डी. असेल, तर आजाऱ्याची धडगत नसते.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत पिकांवरच्या किडींचा अभ्यास करणारे भास्कर उपासनी हे असंच दुसरं माणूस होतं. २०१३ साली त्यांच्या पत्नीला, लतिकाबाईंना, सीलिअ‍ॅक निघाला. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही. गहू आयुष्यभर बंद. पोट सारखं बिघडून त्या पार खंगल्या होत्या, त्यामुळे रोगाला नाव मिळाल्याचाच त्यांना आनंद झाला. "भात आहे, ज्वारी आहे. होईल की," त्या म्हणाल्या.

एवढ्या भारदस्त नावाच्या आजारावर वरणभात हा इलाज भास्कररावांना अपमानास्पद वाटला. त्यांनी इंटरनेटवर सखोल वाचन करून बदामाचं पीठ मुक्रर केलं, आणि लतिकाबाईंना त्यांच्याच हिताकरिता स्वयंपाकघरात प्रवेश बंद करण्यात आला.

लखनौच्या चौक बाजारातून बदाम आले. ते भिजवणे, सोलणे, पंख्याखाली वाळवणे व दळणे ही कामं सुट्टीच्या दिवशी होत. पहिल्या खेपेला मिक्सर जरा जास्त फिरल्याने पिठाऐवजी लोणी निघालं (हीही प्रगतीच). केक मधोमध बसला. त्याला बर्फी म्हणून ऑफिसात वाटण्यात आलं. हिंगातही गव्हाचं पीठ मिसळतात हे कळताच हिंगाची डबी हद्दपार झाली. पाठोपाठ सोया सॉस गेला. टपालाची डिंक लावलेली पाकिटं चाटण्यावर बंदी आली (कोणी चाटत नव्हतं).

अकरावीतल्या सावनीने एक तुकडा खाऊन निवेदन केलं, "बाबा, मुझे नॉर्मल रोटी दे दो ना, प्लीज़ यार." तिच्याकरिता कणकेचा डबा नाइलाजाने घरात राहू दिला.

अखेर इसबगोल घालून मळल्यावर बदामाची पोळी जमली. न तुटता लाटली गेली, तव्यावर सुखरूप उलटली. भास्कररावांचे डोळे भरून आले. शेजारच्या प्रतिमाताईंनी तर चव घेऊन "अगदी गव्हाचीच वाटते हो!" असं प्रमाणपत्र दिलं.

फक्त लतिकाबाईंचं पोट ऐकेना. वजन आणखी उतरलं, जिना चढताना धाप लागू लागली. भास्करराव मनातून हादरले. त्यांनी पाण्यावर संशय घेतला, दुधावर घेतला, आणि शेवटी बायकोवर घेतला.

"खरं सांग, बाहेर चाट खातेस ना?"

त्या दिवशी लतिकाबाई रडल्या. मग डोळे पुसून, बंदी मोडून, कुकर काढायला स्वयंपाकघरात शिरल्या. भास्करराव पोळी लाटत होते.

"अहो, हे काय भुरभुरवताय?"

"पिठी."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? कणकेची. लाटायला लावतात ती," भास्करराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांच्या आईने जन्मभर कणीक लावूनच पोळी लाटली होती. पिठी हा पदार्थातला घटक असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या लेखी लाटण्याची रीत होती. हिंगातला गहू शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाने बायकोला रोज स्वतःच्या हाताने गहू खाऊ घातला होता. शरमेने त्यांना मान वर करवेना.

"बसा तिकडे," लतिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वरणभाताचा कुकर लावला. हळूहळू त्यांचं पोट ताळ्यावर आलं.

ही हकीकत भास्करराव आता स्वतःच सगळ्यांना सांगतात. लोक पोट धरधरून हसतात, आणि हसून झालं की लतिकाबाईंच्या पानात पुरणपोळी वाढतात.

आपणही हसला असाल. त्या कधी आपल्याकडे जेवायला आल्या, तर आपण काय म्हणणार तेही त्यांना पाठ आहे: "घ्या हो एक घास, एवढ्याशाने काय होतंय!"