हिराजीभाऊंची फियाट, मागून

भिवंडीजवळच्या टेमघरला आमच्या शेजारी राहणाऱ्या हिराजीभाऊंकडे कुणी गाडीवरून आलं, की ते आधी पाहुण्याच्या तोंडाकडे बघत नसत. सरळ गाडीमागे जाऊन उकिडवे बसत, सायलेन्सरच्या नळीत करंगळी घालत आणि काजळीने भरलेलं ते बोट पाहुण्याच्या नाकासमोर धरत. 'या, बसा' त्यानंतर. माझी स्कूटर पहिल्यांदा त्यांच्या दारात लागली तेव्हा माझंही स्वागत असंच झालं.

"मास्तर, चोक ओढूनच चालवता काय? आन शाळंत पोरांना शिकवता!"

भातशेतीच्या जागी कापड विणायच्या लूमची शेड उभी राहिली आणि हिराजीभाऊंच्या अंगणात जुनी फियाट आली, ही ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. तेव्हापासून गावातली प्रत्येक नवरी त्याच फियाटमधून सासरी जायची आणि चालवायला स्वतः भाऊ. लग्नाच्या चार दिवस आधीपासून अंगणात घासाघीस सुरू व्हायची. निजामपुऱ्याच्या गल्लीत सुताच्या बिमांची, म्हणजे सूत गुंडाळलेल्या लोखंडी रुळांची, हातगाडी घासली नाही, अशी गाडी भिवंडीत सापडायची नाही. प्रत्येक ओरखड्यावरून भाऊ डोळे मिटून नख फिरवायचे. नख सरकलं तर नुसत्या पॉलिशने भागतं, अडकलं तर लांबीची पुट्टी भरा, घासा, रंग मारा. हाच निकष मग त्यांनी जगातल्या सगळ्या भानगडींना लावला. एकदा माझं आणि बायकोचं चांगलंच वाजलं, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, नख अडकतंय का?" आम्ही दोघंही हसलो, म्हणजे अडकत नव्हतं.

पुसायला चिंधी हवी ती सुतीच. शेड भाड्याने घेतलेल्या अन्सारीचाचांनी एकदा प्रेमाने लूमवरच्या टाकाऊ धाग्यांचं पोतंभर वेस्ट आणून दिलं. भाऊंनी त्यातला एक धागा काडीने पेटवला आणि गार झाल्यावर वितळलेली गोळी चाचांच्या तळहातावर ठेवली. "चाचा, ये तो नायलॉन हाय. मेरे गाडी को खाज होगी."

पण खरं वेड पुढेच आहे, म्हणजे मागे. बॉनेटला एक तास दिला तर मागच्या नळीला दोन. रॉकेल, चुलीतली राख, तारेची घासणी, शेवटी सुती फडकं. मी एकदा म्हणालो, "भाऊ, हारतुरे सगळे पुढे. नळी कोण बघतंय?"

"फुडून वऱ्हाड बगतं, मास्तर. मागून पोरीची आई बगते." मग फडकं खाली ठेवून म्हणाले, "माझी भैन टेम्पोतून सासरी गेली. नळी अशी भरलेली, की चालू केल्याबरोबर काळा ढग. भैन हात हालवत व्हती. आये मरेपरयंत बोलायची, मना तिचा हात न्हाय दिसला."

नळीचं तोंड पुसल्याने धूर कमी होत नाही, हे मेकॅनिकने त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्या दिवसापासून मीही घेतलं नाही.

पुढे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, कुंदाचं, लग्न ठरलं. फियाट आठ दिवस अंगणात चमकत होती. या खेपेला चालवायला धामणकर नाक्यावरचा एक ड्रायव्हर सांगितला होता. "या येळंला मी मागं उभा ऱ्हानार," असं भाऊ ज्याला त्याला सांगत होते. आणि ऐन वेळी कल्याणहून नवरदेवाची स्वतःची गाडी आली. मानाचा प्रश्न. फियाट हार घालून बाजूला उभी राहिली.

कुंदा गाडीत बसली. कुंदाच्या आईने, आमच्या वहिनींनी, पदर डोळ्यांना लावला, बँडवाल्यांनी सूर धरला, इंजिन सुरू झालं आणि मागून भकाभक काळा धूर आला.

"थांब! बंद कर!" भाऊ ओरडले.

काहीतरी राहिलं असं समजून व्याही धावत आले. तोवर भाऊ नव्या कोऱ्या धोतरात उकिडवे बसले होते आणि व्याह्यांनी तासापूर्वी मानाने खांद्यावर घातलेल्या उपरण्याने नळी पुसत होते.

"अवो, ह्ये काय चाललंय?" वहिनी कळवळल्या.

"दोन मिन्टं."

कुंदाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रडता रडता हसत म्हणाली, "बाबा, उठा आता. दिसल माझा हात."

भाऊ उठले. गाडी पुन्हा सुरू झाली आणि काय नवल, या वेळी धूर अगदी विरळ. हिरव्या बांगड्यांचा तो हात वळणापर्यंत हलताना मला स्पष्ट दिसला. मला भरून आलं, पण भाऊंसाठी बरंही वाटलं.

"बघा भाऊ, जमलं की नाही?" असं म्हणत मी वळलो. भाऊ त्याच काळ्या उपरण्याने डोळे पुसत होते आणि सगळ्या तोंडाला काजळी लागली होती.

"मास्तर, हालवला का वो तिनं हात?"

"हालवला की. पार वळणापर्यंत."

"मना न्हाय दिसला," ते म्हणाले.