घुबडशास्त्र्यांची चिठ्ठी

एका जंगलात, मुलांनो, साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. तिचे यजमान भालेराव नुकतेच वारले होते. त्यांनी मागे ठेवला होता तांब्याचा एक जुना ढबू पैसा.

पैसा सिंहमहाराजांच्या पणजोबांच्या काळातला. त्यावर पणजोबांची आयाळ केसन् केस उमटलेली. दर दिवाळीला अख्खं जंगल घरातलं तांबं-पितळ चिंच लावून घासायचं. भालेरावांनी मात्र या पैशाला कधी चिंच लागू दिली नाही. "घासलं की आयाळ जाते," ते म्हणायचे. त्यामुळे पैसा काळा पडला होता, पण शाबूत होता.

हा पैसा राजसंग्रहालयात लागावा आणि खाली आपलं नाव असावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा होती. साळूबाई पैसा घेऊन गेली.

"चिठ्ठी?" संग्रहालयाचे बगळेसाहेब म्हणाले.

"पैसा आणलाय की!"

"पैसा सगळेच आणतात, बाई. घुबडशास्त्र्यांची चिठ्ठी आणा. सत्तरपैकी पासष्ट तरी गुण हवेत."

घुबडशास्त्री म्हणजे नाण्यांचे मोठे पारखी. अंधारात राईचा दाणा टिपणारी नजर! पण कचेरीची वेळ दहा ते पाच. उन्हात त्यांना चकाकेल तेवढंच दिसायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शास्त्र्यांना सांगणार कोण?

"बारा," पैसा चाचपून शास्त्री म्हणाले.

"अहो, आयाळ तरी बघा!"

"कुठाय आयाळ? चला, पुढचा!"

पुढचा नंबर वानराचा होता. त्याचा पैसा घासून घासून गुळगुळीत झालेला. शास्त्र्यांचे डोळे दिपले. "अडुसष्ट!" पैसा काचेच्या डबीत बंद झाला, वर चिठ्ठी चिकटली.

घरी साळूबाई एका हातात चिंच आणि दुसऱ्या हातात पैसा घेऊन बसली. चिंच लावली तर नाव लागेल, पण पैसा जाईल. तिला रडूच कोसळलं. चिंच लावायला हात काही धजेना.

तेवढ्यात तिला कुंकवाच्या करंड्याचं तांब्याचं झाकण दिसलं. सपाट, गोल. तिनं डोळे पुसले आणि झाकण घासायला घेतलं.

"एकोणसत्तर!" दुसऱ्या दिवशी शास्त्री ओरडले.

झाकण संग्रहालयात लागलं. खाली 'कै. भालेराव यांच्या स्मरणार्थ'. खुद्द महाराज बघायला आले. आधी चिठ्ठी वाचली, मग हात जोडले.

"पणजोबा! अगदी हुबेहूब! काय ती आयाळ!"

सगळ्यांना आयाळ दिसली. वानरानं तर केस मोजून दाखवले.

साळूबाईला राहवेना. खरं बोलायची खोड फार वाईट. तिनं पदरातून ढबू काढला. "महाराज, पणजोबा हे आहेत. ते माझ्या करंड्याचं झाकण आहे."

महाराजांनी ढबू उलटसुलट केला. "हे कुठलं रानमांजर?"

"बारा गुणांचं," वानर म्हणाला.

महाराज गरजले, "एकोणसत्तर गुणांच्या आमच्या पणजोबांना झाकण म्हणते! भालेराव सज्जन होते, त्यांचं नाव राहू दे. या बाईंना मात्र पुन्हा आत सोडू नका."

तात्पर्य: आपलंच नाणं खोटं असेल तर दुसऱ्याला दोष देऊ नये, असं वडीलधारी माणसं सांगतात. आपलं नाणं खरं असेल तर मुळीच देऊ नये.