मेस्त्रीकाकांचं पवनचक्कीवालं गाव

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला गाव आहे. कुणाचं देवगडकडे, कुणाचं लांज्याच्या आत, कुणाचं गुहागरच्या अलीकडे. गणपतीत आणि शिमग्याला विक्रोळीतली आमची बिल्डिंग अशी ओस पडते की वॉचमनलाच एकटं वाटायला लागतं. तळमजल्यावरचे मेस्त्रीकाकाही गावी जातात. आदल्या दिवशी जिन्यात गाठून सांगतात, "उद्या गावाक जातंय रे, संदीप. पेपरवाल्याला जरा सांग." फरक इतकाच की मेस्त्रीकाकांच्या गावात पवनचक्की आहे, चौकात तासातासाला घंटा वाजवणारं टॉवरचं घड्याळ आहे, बर्फ घसरून पडावा म्हणून घरांना उभी उतरती छपरं आहेत, आणि गावात शिरायला तिकीट लागतं.

मुरबाडच्या पुढे घाट चढला की एका बिल्डरने डोंगरावर हे युरोपातलं गाव वसवलंय. लोक तिथे शनिवारी जातात, लाकडी बाल्कनीत फोटो काढतात, दोरीला लटकून दरी ओलांडतात आणि रविवारी ट्रॅफिकला शिव्या देत परत येतात. गावाच्या कमानीवर मराठीतही पाटी आहे, 'आपल्या गावात आपलं स्वागत आहे.' हजारो लोकांनी ती वाचली असेल. मनावर घेतली ती एकट्या मेस्त्रीकाकांनी. कंपनीतून रिटायर झाल्यावर जुन्या दोस्तांच्या पिकनिकबरोबर ते पहिल्यांदा तिथे गेले, आणि परत आले ते गाववाले होऊन.

आता गावाहून आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. बाकीचे लोक सोलं आणतात, फणसाची साठं आणतात. मेस्त्रीकाका चीज आणतात. त्याचे चौकोनी तुकडे करून, वर्तमानपत्रात बांधून घरोघर देतात. "गावचं आहे. गायीचं." आमच्या शेजारच्या आजींनी ते पनीर समजून पालकात टाकलं आणि पातेलं घासताना बाईने काम सोडायची धमकी दिली. काकांना सांगितलं तर म्हणाले, "हाटेलात मिळतं ते नव्हे हे. गावचं आहे, चिवट असणारच."

त्यांचं पालुपद एकच. गाव म्हटल्यावर करावं लागतं. एसटी, मग जीप, मग चढ, असा खटाटोप करून पासष्टीचा माणूस वर्षातून तीनदा त्या डोंगरावर का जातो? "गाव म्हटल्यावर करावं लागतं." तिथल्या बागेत काम करणाऱ्या बायकांसाठी पिशवी भरून खारी आणि टोस्ट का न्यायचे? "गाव म्हटल्यावर करावं लागतं." सोसायटीच्या मीटिंगमध्ये गटाराचा विषय निघाला की काका उभे राहणार आणि म्हणणार, "आमच्या गावात एक गटार उघडं दाखवा!" समोर सगळे कोकणातले. कोण काय बोलणार?

त्यांच्या गावात तीन जत्रा असतात. म्हणजे तिथले मॅनेजमेंटवाले त्याला फेस्टिव्हल म्हणतात, काका जत्रा म्हणतात. एक फुलांची, एक पिंपांची आणि एक नाताळची. पिंपांच्या जत्रेत तरुण पोरं बियर पितात आणि उतारावरून लाकडी पिंपं घरंगळत नेण्याची शर्यत लावतात. काका बियरला शिवत नाहीत. पण पिंप ढकलायला पहिल्या रांगेत. आयुष्य कंपनीच्या पेंट शॉपमध्ये पिंपं हलवण्यात गेलेलं. एकदा बंगळुरूहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्यांना मागे टाकून त्यांनी बक्षीस मिळवलं. हिरवी टोपी, वर पीस. ती टोपी घालून ते विक्रोळीत भाजी आणायला जातात.

झिपलाइनवरही जातात. कानटोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पेन. रांगेत उभ्या असलेल्या पोरांना कौतुकाने सांगतात, "आमच्या लहानपणी ह्यातलं काही नव्हतं रे इथे." शब्दशः खरं आहे. त्यांच्या लहानपणी तिथे निव्वळ कारवीचं रान होतं.

आणि अस्सल गाववाल्यासारखे कुरकुरतातही. "गाव पूर्वीसारखं राहिलं नाही." दहा-बारा वर्षांचं गाव, त्याचं पूर्वी ते केवढं! पवनचक्कीचं एक पातं रंग उडून पांढरं पडलं तर काकांनी ऑफिसात जाऊन भांडण केलं, मग स्वतःच शिडी लावून रंगवलं. मॅनेजमेंटने त्यांना फुकट कॉफी दिली. काकांना वाटलं, गावाने मान दिला.

मी त्यांची पुष्कळ चेष्टा करतो. पण खरं सांगतो, मनातून मला त्यांचं भारी कौतुक वाटतं. माझ्या गावच्या घराला इतके हिस्सेदार आहेत की एक कौल बदलायचा तरी कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटतो. मी गावी जातो ते बायकोने सामान बांधल्यावर. आणि हा माणूस तिकीट काढून परक्या डोंगराला माया लावतो.

"एकदा गावाक ये रे," असं ते मला वर्षानुवर्षं म्हणत होते. गेल्या नाताळच्या जत्रेला मी बायकोला घेऊन निघालो. काका, काकू आणि आम्ही दोघं. काकांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत नारळ.

गेटवर बॅगा तपासणारा नवीन गार्ड होता. म्हणाला, "काका, बाहेरचं खाणं अलाउड नाही."

"हे खाणं नाही बाबा. हा गावाचा मान आहे."

"नारळ आहे ना पण?"

"मग काय, मान म्हणून कोबी आणू?"

मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले आणि गार्डने कंटाळून नारळाला आत सोडलं. काकू मला म्हणाल्या, "दर वेळेस हेच. गेल्या खेपेला ह्यांनी नारळाचं अर्धं तिकीट काढायची तयारी दाखवली होती."

गावात शिरल्यावर आधी गावाच्या देवाला नारळ ठेवायचा, मग पाणी प्यायचं, ही काकांची रीत. अडचण एकच, त्या गावाला देव नव्हता. पहिल्या वर्षी त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं होतं, "गावाचा देव कुठाय?" तिने नकाशा बघून स्पाचा रस्ता दाखवला. तेव्हापासून काका टॉवरच्या घड्याळाखाली नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. आमच्या बिल्डिंगच्या पूजांमध्ये मालवणी म्हाताऱ्यांचं ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालंय.

चौकात रोषणाईचं झाड उभं होतं. लाल टोप्या घातलेली पोरं, बँडवाले, झालरीचे झगे घालून स्टॉलवर उभ्या असलेल्या मुली. काकांनी चपला काढल्या, पिसाची टोपी काढली, नारळ ठेवला आणि हात जोडून खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! तुझा नाव माका म्हायत नाय. पण ह्या डोंगराची राखण तूच करतंस, ह्या माका म्हायत आसा!"

"व्हय म्हाराजा!" काकू म्हणाल्या. मी इकडेतिकडे बघितलं. चीजच्या स्टॉलवरची झालरवाली मुलगीही म्हणाली, "व्हय म्हाराजा!" बागेतल्या बायकाही म्हणाल्या. त्यांना सवय होती.

"जी काय पोरां दोरयेक लटाकतत, त्येंची दोरी घट ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बँडवालेसुद्धा सामील झाले आणि ढोलवाल्याने एक ठोका दिला.

"ह्या चीजवाल्या बायचो माल सांजपर्यंत खपान जांव दे! आणि मॅनेजरसायबाक जो काय राग येता, तो डोंगराच्या पलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणताना मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडलो. आणि मागे वळून बघतो तर मॅनेजरसाहेब.

तेही नवीन होते. कोट, टाय, कानात वायर. आवाज न चढवता बोलले, ते जास्त लागलं. "अंकल, हे इथे नाही चालणार. गेस्ट कन्फ्यूज होतात. आपली थीम युरोपियन आहे. नारळ उचला प्लीज."

"अहो, गाव म्हटल्यावर..."

"हे गाव नाही, अंकल. प्रॉपर्टी आहे. तुम्ही इथले कोण?"

मेस्त्रीकाका कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत. त्या माणसाने बेस्टच्या कंडक्टरला गप्प केलंय. पण आता ते खाली वाकले, नारळ उचलला आणि शर्टाने पुसायला लागले. काकूंनी त्यांचा दंड धरला. मला त्या टायवाल्याचा असा संताप आला की काय सांगू!

तेवढ्यात चीजवाली मुलगी स्टॉल सोडून आली. मंदा तिचं नाव. डोंगराच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी आहे, आणि वाडीतल्या निम्म्या बाया इथे झगे घालून कामाला आहेत. ती मॅनेजरला म्हणाली, "सर, माझा लंच टाइम घेते." मग काकांकडे वळली. "काका, तुम्ही दर वेळेला देवाचं नाव माहीत नाही म्हणता, म्हटलं कधीतरी सांगावं. देव हाय. आमचा वाघदेव. ह्या टॉवरपाशीच होता. बांधकाम आलं तेव्हा खाली कंपाउंडच्या बाहेर नेला. चला, दावते."

काकांनी चपला पायात सरकवल्या आणि टोपी काखेत मारली.

मागच्या फाटकातून पायवाट खाली उतरत होती. मंदा झालरी खोचून पुढे, काका नारळ छातीशी धरून तिच्या मागे. मी काकूंना हात देत होतो, बायको पिशव्या घेऊन मागून येत होती. मघाचा प्रसंग काकूंच्या मनातून जात नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, "असंच कुणीतरी सासूबाईंना विचारलं होतं. तू इथली कोण."

मेस्त्रीकाकांच्या आईने जातीबाहेर लग्न केलं होतं. माहेरच्या गावाने दार लावलं, सासरच्या गावानेही लावलं. नवरा लवकर गेला. पोराला घेऊन ती विक्रोळीच्या चाळीत राहिली. मे महिन्यात सगळी चाळ गावी जायची आणि ही दोघंच मागे उरायची, लोकांच्या तुळशींना पाणी घालायला. शाळा उघडली की 'माझे गाव' असा निबंध यायचा. पोरगं आईला विचारायचं, काय लिहू? ती म्हणायची, "तुझ्या मनासारखं गाव लिही." मग हा कधी गावाला नदी द्यायचा, कधी डोंगर. "एकदा ह्यांनी पवनचक्की लिहिली," काकू म्हणाल्या. "बाईंनी मारलं, कोकणात पवनचक्की कुठली म्हणून." त्या हसल्या, आणि पदराने डोळे पुसले. मी त्यांचा हात जरा घट्ट धरला.

वाघदेव म्हणजे एका झाडाखाली उभी लाकडी फळी. त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदराने माखलेला. शेजारी मंदाचे सासरे गवत काढत बसले होते. नारळ वाढवायचा मान त्यांचा. मंदाने त्यांना सांगितलं, हे ते काका, पवनचक्की रंगवणारे. म्हाताऱ्याने मान डोलावली, हात धुतले आणि नारळ घेतला.

"कुणाच्या नावानं?"

काका चाचरले. मग म्हणाले, "आईच्या. सुलोचना नाव. नाही ती आता."

"बरं. गाव?"

वरून बँडचा आवाज येत होता. काकांनी काकूंकडे बघितलं, मग खाली मान घातली. "गाव नाही तिला."

म्हाताऱ्याने दाढी खाजवली. "असं कसं? देवापुढं गाव सांगावं लागतं. नायतर त्याला कळायचं कसं, कुणाला बघायचं." आणि मग एखाद्याला बसायला जागा करून द्यावी तितक्या सहज म्हणाला, "हेच सांगतो."

त्याने फळीकडे तोंड केलं. वाघदेवाला सांगितलं की सुलोचनाबाई, आपल्याच गावची, तिचा लेक आलाय, त्याच्यावर नजर ठेव. आणि नारळ दगडावर आपटला.

मेस्त्रीकाका तिथेच मातीत बसले. पासष्ट वर्षांचा माणूस, पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. मंदाने झग्याच्या खिशातला रुमाल पुढे केला. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने काकांनी चेहरा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि मला ठाऊक असलेल्या मेस्त्रीकाकांच्या आवाजात म्हणाले,

"आई पोचली रे, संदीप. गावाक पोचली."