मागचं दुखणं लिहिलं का?

माझ्या लग्नात, लातूरच्या मंगल कार्यालयात, चारेकशे पाहुण्यांसमोर माणिकराव सर स्टेजवर आले, आहेराचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मूळव्याधीचं लिहिलंस का फॉर्मात?"

हे त्यांनी कानात विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. सूत्रसंचालकाने शुभेच्छांसाठी माईक त्यांच्या तोंडाजवळ धरला होता. माझी मूळव्याध पार आचाऱ्यापर्यंत पोचली. सासरेबुवांनी माझ्या वडिलांकडे बघितलं, वडिलांनी पंख्याकडे. नोकरीसाठी मी जर्मनीला निघालो होतो. तिथल्या आरोग्यविम्याच्या फॉर्मात 'यापूर्वीचे आजार' असा रकाना होता आणि त्यात मी दिमाखात 'काही नाही' लिहिलं होतं.

"बदलतो सर," मी पुटपुटलो.

"आजच बदल. बरं, सुखी ऱ्हावा दोघं." हेसुद्धा माईकमध्येच. शेजारी उभी असलेली माझी बायको वर्षा इतकी हसली की मुंडावळ्या सुटल्या.

सर आमचे शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. पत्नी वारलेल्या, एकुलती मुलगी सुनीता लग्न होऊन जर्मनीत. स्वतः सर हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण आमच्या गल्लीत फिजिक्सचे तीन, केमिस्ट्रीचे दोन आणि बायोलॉजीचा एक क्लास असताना सरांनी मागे राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी गच्चीवर पत्रा टाकला आणि पाटी लावली: 'परदेशी जाणाऱ्यांसाठी आजारपणाचे मार्गदर्शन. मोफत. दर रविवारी.' दुसऱ्या ओळीत: 'पालकांसह येणे.'

जर्मनीला निघण्याआधी मीही तिथे जायचो. क्लास पक्का लातूरचा. हजेरी, सराव परीक्षा, चुकलं की "एक मार्क कट". अमेरिकेला निघालेल्या तीस वर्षांच्या इंजिनिअरला सर उभं करायचे. "पोटात दुखायलंय. रविवार हाय. काय करशील?"

"मेडिकलमधून गोळी घेईन."

"चिठ्ठीबगर कोण देतंय तुला तिथं? तुझ्या मामाचं दुकान हाय का? बस खाली."

औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठी डॉक्टरच्या सही-शिक्क्यानिशी, औषधाचं नाव कंपनीचं नाही तर आतल्या रसायनाचं, अॅम्ब्युलन्सचा नंबर पाठ. आणि सगळ्यात वर मागचं दुखणं. "मागचं सगळं लिहा. लहानपणी दम्यानं बेजार झाला असाल तर तेबी लिहा. इमा कंपनीला सोयरीक करायची न्हाई तुमच्याशी."

हे सोयरिकीचं उगाच नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बाहेरदेशचे डॉक्टर तंबू टाकून बसले, तेव्हा दुभाष्या म्हणून सरांना नेलं होतं. डॉक्टर इंग्रजीत विचारायचे, आधी काही आजार? सर मराठीत विचारायचे. आणि घर पडलेली, हात मोडलेली आमची माणसं एका सुरात सांगायची, "काही न्हाई." कारण शेजारच्या खाटेवर कुणाचा तरी व्याही असायचा आणि घरात लग्नाच्या पोरी. एका बाईनेही तसंच सांगितलं. सरांनी तसंच भाषांतर केलं. इंजेक्शन टोचलं आणि बाई निळी पडली. डॉक्टरांनी धावपळ करून वाचवली. शुद्धीवर आल्यावर ती सरांना म्हणाली, "मास्तर, मागंबी एकदा असंच झालतं. पर जावई उभा होता की हो." त्या दिवसापासून सर कुणाच्याही 'काही न्हाई'वर विश्वास ठेवत नाहीत.

आता माझा पराक्रम. सरांनी बजावलं होतं, "तिकडं आलेलं एकबी पाकीट न फोडता फेकू नको." पहिल्याच महिन्यात एक जाड पाकीट आलं, वर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. मी जाहिरात समजून कचऱ्यात टाकलं, तेही अभिमानाने, योग्य रंगाच्या डब्यात. त्यात माझं विम्याचं कार्ड होतं. हे कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या खिडकीशी उभा होतो. उभाच होतो, कारण बसता येत नव्हतं. तिथून लातूरला फोन लावला. सर म्हणाले, "दोन मार्क कट. आता कंपनीला फोन कर, म्हण की कागद फॅक्स करा. अन फॉर्म बदलला होतास ना?"

बदलला होता. त्या रात्री मला उपचार मिळाले ते एका लग्नातल्या माईकमुळे.

दोन वर्षांनी मी परत आलो आणि गल्लीतला चौथा फिजिक्सचा क्लास काढला. त्याच सुमारास सुनीताला दिवस गेले. "बाबा, बाळंतपणाला या," ती म्हणाली. सर एकदम पंचवीस वर्षांचे झाले. लोकरीची टोपी आणली आणि भर एप्रिलमध्ये लातुरात घालून बघितली. मेथीच्या लाडवांवर जर्मनमध्ये चिठ्ठ्या लावल्या. व्हिसाला प्रवासाचा विमा लागायचा, म्हणून फाईल घेऊन माझ्या क्लासच्या कॉम्प्युटरवर आले. "तू भर, तवर मी फोटो काढून येतो."

मी भरला. कसा भरला म्हणता? सरांचा पहिल्या नंबराचा विद्यार्थी भरेल तसा. काढलेली दाढ लिहिली. विषमज्वर लिहिला. दोन वर्षांपूर्वी आलेला हृदयविकाराचा सौम्य झटका तारखेसकट सगळ्यात वर लिहिला. आणि पाठवून दिला.

सर आले. टोपी काढून पुन्हा घातली. माझ्याकडे न बघता फळ्यावरच्या आकृतीकडे बघत म्हणाले, "ते छातीचं म्हणलं… तसं लई मोठं काही नव्हतं."

"सर, काळजीच सोडा," मी म्हणालो, "ते तर पहिल्या ओळीत टाकलंय."

"पाठवलास?"

"केव्हाच."

सरांनी टोपी काढून घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बराबर केलंस." आयुष्यात पहिल्यांदा मला पैकीच्या पैकी मिळाले आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कंपनीने नकार दिला. मी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "सर, यात ते लिहू नका. मी कुणाला सांगत नाही."

त्यांनी फॉर्म हातात घेतला. त्या रकान्यावर पेन टेकवलंसुद्धा. मग टोपण लावलं. "अन तिथं मला काही झालं तर? ओली बाळंतीण माझे कागद घिऊन दवाखान्यात पळंल का?"

सुनीताला मुलगी झाली. सर लातुरातच. पुढच्या रविवारी क्लासला निलंग्याचं एक जोडपं आलं. सुनीताच्याच गावात त्यांचा मुलगा होता. सरांनी त्यांना अडीच तास सोडलं नाही. ट्रामचं तिकीट, रविवारी कुठलं मेडिकल उघडं असतं ते बंद दुकानाच्या दारावरच्या कागदावर कसं बघायचं, घसरड्या फुटपाथवर पाय कसा टाकायचा, सगळं.

जिन्यापर्यंत पोचवायला मीही गेलो. सरांनी एक पत्ता लिहिलेला कागद त्या बाईंच्या हातात दिला. "वहिनी, माझी लेक हाय तिथं. बाळाला जरा उचलून घ्या. किती जड लागतंय, मला फोन करून सांगा."

"सर, वजन तर दवाखान्यात लिहून देतात की," बाईंचे यजमान म्हणाले.

"लिहिलेलं हाय माझ्याकडं," सर म्हणाले, "तीन किलो दोनशे. तुम्ही उचलून सांगा."