वखारीतली मानाची खुर्ची

लाकूड कसलंही असो, त्यातली खुर्ची मला आधीच दिसते! फर्निचर डिझाइनचा ऑनलाइन कोर्स केल्यापासून नजरच तशी झालीय. आमच्या इंदापुरात वखारीत ओंडका कापला की सालीसकट जी फळकुटं बाजूला पडतात, ती लोक जाळायला नेतात. मी त्यातून सिंहासन काढतो! निदान सासुरवाडीत तरी मी असंच सांगितलं होतं.

माझे सासरे सर्जेराव, म्हणजे आबा, कोऱ्हाळ्याला असतात. गावच्या दूध संस्थेचं अध्यक्षपद ते सोडणार होते, म्हणून सत्कार ठरला.

"आबांना बसायला मानाची खुर्ची माझी!" मी चारचौघांत छातीठोक सांगून टाकलं. बायकोनं, स्वरूपानं, कोपर मारलं. पण डिझायनर कोपराचं ऐकतो होय?

बाभळीची वाळलेली फळकुटं निवडली. साल मुद्दाम ठेवली. नॅचरल लुक! पाठीला वाकडं फळकूट, हातांना गाठाळ तुकडे. गाडीत मावावी म्हणून सगळे भाग सुटेच ठेवले. सकाळी स्क्रू पिळले की खुर्ची उभी! आदल्या संध्याकाळी कोऱ्हाळ्याला पोचलो आणि ढीग मागच्या दारी, पाणी तापवायच्या बंबाशेजारी रचला.

सासूबाई प्रयागबाई तिथंच उभ्या होत्या.

"आवो पावणं, येवढं कशाला आणलं?"

"असू द्या मामी, उद्या सकाळीच कामाला येईल!" मी लाजत म्हणालो.

"लई बरं झालं बगा! उद्या घरात ही येवढी माणसं!"

सकाळी अंघोळीला पाणी असं कडकडीत मिळालं, की मी न्हाणीतूनच ओरडलो, "मामी, पाणी झकास!"

"समदी तुमचीच किरपा!" बाहेरून आवाज आला.

सासूनं जावयाला इतकं मानावं! मी तरंगतच बाहेर आलो. बंब धगधगत होता. पाहुण्यांची बादल्या घेऊन रांग लागली होती. ढीग गायब! खुर्चीचा एक पाय तेवढा उरला होता, आणि तो मामींच्या हातात होता.

"मामी!"

"ह्यो बी घालते की! काय वाळलेलं लाकूड हाय, काडी लावायचा अवकाश!"

पाय बंबात गेला.

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण मी गुपचूप कपडे चढवले. मंडपात आबांनी विचारलं, "पावणं, खुर्ची कुठं हाय?" तर तोंडातून निघून गेलं, "टेम्पोतनं येतेय!"

झालं! आबांनी माईकच हातात घेतला. "मंडळी, जावयानं सोताच्या हातानं खुर्ची केलीया. ती आल्याबिगर मी टेकायचा न्हाय!"

टाळ्या! भाषणांवर भाषणं झाली, आबा उभेच. कुणी प्लास्टिकची खुर्ची पुढं केली की मागं सारायचे. गुडघे दुखतात त्यांचे. या पायावरचा भार त्या पायावर टाकत ते रस्त्याकडं बघत होते. उसाचा ट्रॅक्टर जरी धडधडत आला, तरी त्यांचा चेहरा उजळायचा, "आला वाटतं!" आणि मी बसल्या जागी मेणासारखा वितळायचो.

शेवटी राहवेना. स्टेजवर गेलो आणि त्यांच्या कानाशी लागलो. "आबा, टेम्पो-बिंपो काही नाही. खुर्ची सकाळी बंबात गेली."

माईक चालू होता!

मंडपात असा हशा उसळला, की कनाती हलल्या! बायकांमध्ये मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसताहेत. पण त्या रडत होत्या. "पावण्यांनी येवढ्या हौसेनं केली, आन् म्या जाळली!"

खोटं मी बोललो आणि रडत होती ती बाई! त्या क्षणी मलाच बंबात घातलं असतं तर बरं झालं असतं.

आबांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, हुश्श करून बसले आणि म्हणाले, "म्हंजी सकाळी समद्या गावानं माझ्या खुर्चीनं आंगुळ केली म्हणा की!"

निघताना मी मामींच्या पाया पडलो. "चूक माझी होती. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

त्यांनी डोळे पुसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "न्हाय वाटून घेत. पर पावणं, दिवाळीला याल तवा एखादा सोफा बी करून आणा. थंडी लई असती!"