तीन वाक्यांचं भांडवल

तात्याला त्या देशाची भाषा येत नव्हती, पण तीन वाक्यं अशी यायची की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. "नमस्कार, कसे आहात?", "अगदी बरोबर आहे तुमचं" आणि "बरं, भेटू पुन्हा". निघण्यापूर्वी महिनाभर आरशासमोर उभं राहून त्यानं ती घोटली होती. वय तेवीस; पण लहानपणापासून पोक्तासारखं बोलायचा म्हणून घरी सगळे तात्याच म्हणत. शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे कॉलेजात काही अडायचं नाही. अडायचं ते राहत्या इमारतीच्या जिन्यात.

उच्चार इतके पक्के, की समोरचा माणूस बिनदिक्कत सुरू व्हायचा. तात्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही. पण मध्येच "मला कळत नाही" म्हणावं, तर तेवढं वाक्य नेमकं पाठ करायचं राहून गेलेलं. मग तो मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकायचा आणि म्हणायचा, "अगदी बरोबर आहे तुमचं."

तळघरात सगळ्या इमारतीसाठी एकच वॉशिंग मशीन होतं. एकदा तात्या कपडे घेऊन खाली गेला, तर तळमजल्यावरचे निवृत्त ट्रक ड्रायव्हर तिथं उभे. ते बराच वेळ बोलले. मशीनकडे बोट दाखवलं, गालाखाली हात ठेवून झोपायची खूण केली, छताच्या दिशेनं मूठ उगारली. तात्या म्हणाला, "अगदी बरोबर आहे तुमचं." ड्रायव्हरकाकांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

पुढच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई भेटल्या. त्यांनी हवेतच बोटं नाचवली, कानांवर हात ठेवले आणि जमिनीवर पाय आपटला. तात्यानं त्यांनाही तेच सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले.

ड्रायव्हरकाकांचं म्हणणं होतं, मशीन सकाळी लावू नये, झोपमोड होते. बाईंचं म्हणणं होतं, सकाळीच लावावं, दुपारी शिकवणी असते. आता दोघांच्या बाजूला एकेक साक्षीदार आला होता, आणि तो एकच होता. काकांनी तळघराला कुलूप घातलं. बाईंनी कुलूपवाला बोलावून ते काढवलं. मग दोघं तावातावानं तात्याच्या दारात आले.

दोघं एकदमच बोलत होते. तात्यानं शांतपणे ऐकून घेतलं. आधी काकांकडे वळून "अगदी बरोबर आहे तुमचं" म्हणाला, मग बाईंकडे वळून तेच म्हणाला. बाईंनी काकांकडे पाहिलं, काकांनी आपल्या सपातांकडे. तात्या म्हणाला, "बरं, भेटू पुन्हा," आणि त्यानं दार लावून घेतलं. कपडे धुवायची वेळ दोघांनी त्याच दिवशी आपापसात ठरवली.

आठवड्याभरात घरमालकीणबाई आल्या. एक दिवस, एक वेळ, आणि 'सगळे' हा शब्द, एवढंच तात्याला कळलं. कोणाचा तरी वाढदिवस असणार, असं त्यानं ताडलं आणि तो फुलं घेऊन गेला. खालच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या. ड्रायव्हरकाका कोट घालून बसलेले, म्हणजे वाढदिवस त्यांचाच. तात्यानं फुलं त्यांच्या हातात दिली. जन्मात कोणी फूल दिलं नव्हतं, काकांनी रुमाल काढला. मग घरमालकीणबाई काहीतरी बोलल्या, सगळ्यांनी हात वर केले, तात्यानंही केला. टाळ्या झाल्या, त्यानंही वाजवल्या. शेवटी त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ताईला फोन लावला.

"ताई, मला किल्ल्या दिल्यात."

"कसल्या?"

"तेच तर कळत नाहीये."

"अरे, मग घेतल्यास कशाला?"

"सगळे टाळ्या वाजवत होते गं. नाही कसं म्हणणार?"

"तात्या, तू शिकायला गेलायस. घरी पोलीस आले, तर बाबांना मी काय सांगू?"

तो वर्गातल्या एका मुलीला घेऊन आला. ती त्याच देशातली. खालच्या दाराशी लावलेली सूचना तिनं वाचली आणि भिंतीला टेकून हसत सुटली.

"तू सेक्रेटरी झालायस. अख्ख्या इमारतीचा. एकमतानं."

तात्याच्या मनात आलं, लोकांनी विश्वासानं एवढं मन मोकळं केलेलं, आणि आपण त्यांना चक्क फसवत होतो. हे बाहेर आलं, तर खोली तर जाईलच, वर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तो तिला घेऊन तडक घरमालकीणबाईंकडे गेला आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"त्यांना सांग, मला त्यांची भाषा येत नाही. माझं चुकलं. मी कोणाचंच काही समजून बोललो नाही."

मुलीनं सांगितलं. घरमालकीणबाईंनी चष्मा पुसला आणि सावकाश उत्तर दिलं.

"त्या म्हणतात, हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे," मुलगी म्हणाली. "त्यांनी तुझं नाव विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालास, अगदी बरोबर आहे तुमचं."

"मग मला निवडलं कशाला?"

"आधीच्या सेक्रेटरीला सगळं कळायचं. तो मध्येच तोंड घालून कोणाचं चुकलं ते सांगायचा. लोक जिन्यात एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते. तू निदान शेवटपर्यंत ऐकतोस."

तात्याला हसावं की रडावं कळेना. पण इतकी माया करणाऱ्या माणसांची भाषा आपल्याला यायलाच हवी, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि शिकवणी लावली. हिवाळा सरेपर्यंत कान उघडले. एक दिवस पियानोच्या बाईंनी जिन्यात त्याला थांबवलं आणि ड्रायव्हरकाका कसे आडमुठे आहेत ते ऐकवलं. तात्याला शब्दन् शब्द कळला. आनंदाच्या भरात तो म्हणाला, "तसं नाही बाई. जन्मभर रात्री गाडी चालवली त्यांनी, सकाळीच डोळा लागतो."

एकही चूक न करता बोललेलं त्याचं ते पहिलंच वाक्य. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि दार आपटून घेतलं. संध्याकाळपर्यंत तळघराच्या दाराला बाईंचं नवं कुलूप लागलं होतं.

घरमालकीणबाईंनी त्याला आत बोलावून खुर्चीत बसवलं.

"कळायला लागलंय का तुला?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"थोडं थोडं," तात्या म्हणाला.

त्यांनी उठून आधी दार लोटलं. "एवढ्यात कोणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "पुढची निवडणूक वर्षभर नाहीये."